तुडवलेले माग

"चुकीच्या माणसाला धरलंत, तर नंतर त्याला सॉरी म्हणता का?"

हा प्रश्न माझा नव्हता, मागच्या बाकावर शिजला होता. पोलीस ठाण्यातल्या बाई शाळेत येणार हे कळल्यापासून टपाल आणि चिमणी माझ्या मागे लागल्या होत्या. टपालला टपाल म्हणतात, कारण तिच्या कानावर पडलेली गोष्ट मधल्या सुट्टीच्या आत गावभर पोचते. चिमणी नावालाच चिमणी, बाकावर बसली की बाक कुरकुरतो. "विचारलंस तर तुला मानलं," टपाल म्हणाली होती, "नाही विचारलंस तर वर्षभर फळा तू पुसायचा."

फळ्याची मला भीती नव्हती. पण आदल्या वर्षीपर्यंत हजेरीला 'हजर' म्हणतानाही माझी जीभ टाळ्याला चिकटायची. या वर्षी कुठूनसा आवाज फुटला, तो थांबायचं नाव घेत नव्हता. आई म्हणायची, हिचं झाकण उडालंय. तर त्या उडालेल्या झाकणाच्या जोरावर मी उभी राहिले आणि विचारलं.

वर्ग खुसखुसला. सरांनी माझ्याकडे असं पाहिलं की आता घरी निरोप जाणार. बाई मात्र हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली.

"म्हणायला हवं," त्या म्हणाल्या. "पण त्याआधी चुकलं हे आम्हाला कळायला लागतं. घडलं तेव्हा आम्ही तिथे नसतो. तुम्ही सांगता तेवढंच आमच्याजवळ असतं. चुकीचं सांगितलं गेलं असं नंतर लक्षात आलं तर परत यायचं. आधीचं पुसत नाहीत, पण त्याच्याखाली खरं लिहून घेतात. त्याला पुरवणी जबाब म्हणतात."

"आणि परत आल्याबद्दल ओरडा बसला तर?" हे मात्र मी माझं स्वतःचं विचारलं.

"मग माझं नाव सांगून विचार, बाई कुठे आहेत."

मग त्यांनी फळ्यावर नंबर लिहिला. फोन केला की आधी जागा सांगायची, मग काय झालं ते, रडायचं नंतर. चोरी झाली तर आम्ही येईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. तक्रार लिहून घेतली की तिची प्रत मागून घ्यायची, ती फुकट असते. गावाला जाणार असाल तर सांगून जा, आमचा माणूस फेरी मारताना तुमच्या कुलपाकडे बघेल. टपाल सगळं तोंड उघडं टाकून ऐकत होती. मी नंबर पाठ केला. तेव्हा वाटलं नव्हतं लागेल म्हणून.

आमची वीटभट्टी आहे. मोठी नाही. चार लोकांनी घाम गाळायचा आणि पाचवा म्हणजे ऊन, असं बाबा म्हणतात. माती, भुसा आणि पाणी एका खड्ड्यात एकत्र तुडवलं की विटेचा गारा होतो. गारा साच्यात भरायचा, वरून हाताने सपाट करायचा, साचा उलटा करून उचलायचा. जमिनीवर ओली वीट उरते. अशा ओळीच्या ओळी. उन्हात वाळल्या की उभ्या करायच्या, मग रचायच्या, मग भट्टी लावायची.

थापायचं काम साचेकाका करायचे. ते आमचे नात्याने कोणी नाहीत, पण मला आठवतंय तेव्हापासून खड्ड्याजवळ उकिडवे बसलेलेच आहेत. त्यांच्या उजव्या हाताची कड साच्यावर घासून घासून गुळगुळीत झालीय, तिथे रेषाच नाहीत. पाय म्हणजे फावडी. चप्पल घालत नाहीत. बाबांना भाऊ म्हणतात, आईला वहिनी, आणि मला माझं झाकण उडाल्यापासून मास्तरीण. "मास्तरीण, आज काय शिकवलं शाळेत?" असं विचारायचे आणि मी सांगत बसले की त्या वेळात त्यांची एक ओळ पुरी व्हायची.

त्या वर्षी नदी लवकर आटली. पाणी दर आठवड्याला लांब सरकायचं. शेवटी पाणी उपसायचं इंजिन शेडमधून काढून खाली नदीच्या काठावर न्यावं लागलं. साचेकाकांची एक हातगाडी होती, सायकलची दोन चाकं आणि वर फळ्या. तिच्यावर इंजिन घालून बाबा आणि ते उतारावरून घेऊन गेले. दोघांचे हात काळ्या तेलाने माखले होते. ते हात त्यांनी माझ्या नाकाला लावायला पाहिले आणि मी पळाले.

"भाऊ, रोज संध्याकाळी वर आणू," साचेकाका म्हणाले. "माझी गाडी आहेच."

"रोज? कंबर मोडायची माझी. कोण नेतंय त्या खटाऱ्याला?"

"कोणीतरी नेईल."

"तू नेशील दुसरं कोण," बाबा म्हणाले, आणि दोघं हसले.

तेव्हा हसले. पण त्याच सुमारास साचेकाकांनी सांगितलं होतं की हा हंगाम झाला की आपण मुलीकडे जाणार, तिच्या गावाजवळच्या भट्टीवर. तिथे थापणाऱ्याच्या डोक्यावर छप्पर असतं म्हणे. त्यानंतर बाबा साचेकाकांशी नुसतं कामापुरतं बोलायला लागले. "गारा घट्ट आहे." "ओळ वाकडी आहे." ओळ काही वाकडी नव्हती. मीसुद्धा पाहिलं होतं.

मग एका सकाळी बाबांच्या ओरडण्याने मला जाग आली.

इंजिन गेलं होतं. नदीकाठावर नुसता तेलाचा डाग आणि कापलेला पाइप. आणि वर पटांगणात, आदल्या दिवशी थापलेल्या ओल्या विटांच्या ओळींवरून काहीतरी आडवंतिडवं गेलं होतं. हे मला आईने दारातूनच सांगितलं, मी अजून बाहेरही आले नव्हते. बाबा डोक्याला हात लावून बसले होते. म्हणत होते, पाणी गेलं, हंगाम गेला.

"ठाण्यात फोन करूया," मी म्हणाले.

"कशाला? येतील, चहा पितील, जातील."

"बाबा, नंबर आहे माझ्याकडे. बाई म्हणाल्या होत्या."

आमच्या घराकडे फोनला रेंज नाही. त्यासाठी वर रस्त्यावर, पुलाजवळ जावं लागतं. आई म्हणाली, जाऊ दे तिला, तेवढंच डोक्यावरून ओझं उतरेल. मी बाबांचा फोन घेऊन तशीच मागच्या पायवाटेने पळाले. पटांगणाकडे वळून पाहिलंसुद्धा नाही.

फोन पहिल्या रिंगला उचलला. मी आधी जागा सांगितली, मग काय झालं ते. रडले नाही. पलीकडच्या माणसाने विचारलं, "तुझं वय काय गं?" आणि मग, "शाबास. आता घरी जाऊन सांग, कशाला हात लावू नका. पाऊल, चाक, काही उमटलं असेल तर जसं आहे तसं ठेवा. येतोच."

मला इतका आनंद झाला होता की चोरी झालीय हे मी क्षणभर विसरले. मी, हजर म्हणायला घाबरणारी मी, ठाण्याशी बोलले होते आणि मला शाबासकी मिळाली होती. उतारावरून अशी पळत आले की एक चप्पल वाटेतच राहिली.

आणि खाली आले तर काय. पटांगण साफ. चिरडलेल्या सगळ्या विटा फावड्याने उचलून खड्ड्यात टाकल्या होत्या. बाबा घागरीने पाणी ओतत होते आणि खड्ड्यात गुडघ्यापर्यंत उतरून साचेकाका गारा तुडवत होते. त्यांची ती तुडवायची पद्धत, टाच आधी, मग अंगठे, स्वतःभोवती गोल फिरत. दुसऱ्या बाजूने त्यांची बायको, आमच्या काकू. आई झाडू घेऊन पटांगणातून उलट पावली मागे येत होती, तिच्या मागे जमीन पाटीसारखी स्वच्छ.

"कशाला हात लावायचा नव्हता," मी म्हणाले. मला धाप लागली होती. "ते म्हणाले, चाक उमटलं असेल तर ठेवा."

सगळे थांबले. साचेकाकांचा एक पाय गाऱ्यात, एक वर.

"मग आधी सांगायचं," बाबा म्हणाले.

"आत्ता तर सांगतेय."

"ओल्या आहेत तोवर तुडवायला नको का? दुपारी ऊन लागलं की दगड झाला असता. एवढा गारा वाया."

हे खरं होतं. आमच्यात मोडलेली वीट पहिल्यांदा खड्ड्यात जाते, मग माणूस पाणी पितो. कोणाला विचारावंही लागत नाही. मी लहानपणी पळताना विटेवर पाय दिला की साचेकाका रागवायचे नाहीत, नुसते वीट उचलून खड्ड्यात टाकायचे.

"आणि पोलीस येणार म्हटल्यावर अंगण तसंच ठेवू?" आई म्हणाली. "लोक काय म्हणतील, यांच्याकडे झाडूसुद्धा नाही?"

साचेकाकांनी वरचा पाय खाली ठेवला. आपल्या पायांकडे बघितलं. "मास्तरीण, आता तर झालं की गं," ते म्हणाले, आणि पुन्हा तुडवायला लागले, कारण अर्धा तुडवलेला गारा तसा सोडला तर गाठी होतात.

जीप आली तेव्हा आईने दोन खुर्च्या मांडून त्यांच्यावर धुतलेलं फडकं घातलं होतं. मला वाटलं होतं बाई येतील. त्या आल्या नाहीत. एक चष्मेवाले हवालदार आले आणि एक तरुण शिपाई, जो बुटाला चिखल लागेल म्हणून दगडांवरून उड्या मारत चालत होता.

हवालदारांनी नदीकाठ पाहिला, कापलेला पाइप हातात धरून पाहिला. मग पटांगणात आले.

"गाडी इथून गेली म्हणता. कुठून?"

बाबांनी खड्ड्याकडे बोट केलं.

"हा काय आहे?"

"गारा."

"माग कुठेत?"

"त्यात," बाबा म्हणाले.

शिपायाला हसू आलं. त्याने तोंड फिरवलं. हवालदारांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, खड्ड्यात वाकून पाहिलं, जणू वाकल्याने काही दिसणार होतं. "तुम्ही चोराची बाजू घेताय की आमची?" ते म्हणाले. फार रागाने नाही. पण बाबांचे कान लाल झाले. एवढ्या लोकांसमोर, काकूंसमोर, माझ्यासमोर.

"माग मोटारीचे होते, साहेब," साचेकाका म्हणाले. ते खड्ड्यातून बाहेर येऊन उभे होते, पोटऱ्यांवरचा गारा वाळत चालला होता.

"दाखव."

"तेच तर तुडवलं."

"कोणी?"

"मीच," साचेकाका म्हणाले.

हवालदारांनी आता त्यांच्याकडे नीट पाहिलं. "तू कोण?"

"थापतो मी इथे."

"इंजिन उघड्यावर होतं हे कोणाकोणाला माहीत होतं?"

बाबा खाली बघून म्हणाले, "हा तर मला सांगत होता, वर आणू, कोणीतरी नेईल म्हणून. मी ऐकलं नाही." बाबा हे स्वतःला दोष द्यायला बोलले, हे मी शपथेवर सांगेन. त्यांच्या आवाजात तसंच होतं. पण हवालदारांनी ते दुसऱ्या बाजूने उचललं.

"म्हणजे याला आधीच कळलं होतं, कोणीतरी नेणार. वजन किती असेल? डोक्यावर तर नेलं नसेल. कशावरून नेलं?"

शिपाई तोवर शेडच्या मागे गेला होता. तो हातगाडी ढकलत घेऊन आला. फळ्यांवर काळं तेल होतं.

"भाऊ, सांग ना यांना," साचेकाका म्हणाले. "इंजिन खाली नेलं, ते माझ्याच गाडीवर नेलं."

"नेलं होतं," बाबा म्हणाले.

"म्हणजे गाडीवर मावतं," हवालदार म्हणाले.

खरं सांगितलं की सुटतो असं मला वाटायचं. तिथे खरं सांगितलं तसतसं साचेकाकांचं बोलणं त्यांच्याच अंगावर यायला लागलं. काकू माझ्या आईचा हात धरून उभ्या होत्या.

"भाऊनं पाहिलेत माग," साचेकाका म्हणाले. "रुंद चाक होतं, रबराचं, नक्षीचं. आम्ही दोघांनी बरोबर उचलल्या विटा. भाऊ, पाहिलंस ना?"

हवालदार बाबांकडे वळले. "पाहिलेत? आणि पाहिले असतील, तर मग तुडवलेत कशाला?"

बाबांनी ओठ ओले केले. शिपाई पुन्हा हसायच्या तयारीत होता. दुसऱ्या भट्टीवरचे काही लोक जीप बघून कुंपणाशी येऊन थांबले होते.

"उजाडलं नव्हतं नीट," बाबा म्हणाले. "माझं लक्ष नव्हतं."

साचेकाकांनी त्यांच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग खाली बसले आणि पोटरीवरचा वाळलेला गारा नखांनी सोलायला लागले. त्यांना जीपमध्ये बसवलं, हातगाडी दोरीने मागे बांधली. गाडी उलटी चालायला तयार नव्हती, कुत्र्यासारखी दोन्ही बाजूंना ओढ घेत होती.

त्यांना मारलंबिरलं नाही. विचारलं आणि संध्याकाळी सोडून दिलं. बाबा मनातल्या मनात हेच म्हणत असावेत, कारण आईने काही विचारायच्या आधीच ते म्हणाले, "सोडलं ना? मग झालं." पण कुंपणाशी उभे होते त्यांना सोडलेलं दिसलं नव्हतं, नेलेलं दिसलं होतं. टपालने मला शाळेत विचारलं, "तुमच्याकडचा चोर सापडला म्हणे?" मी तिच्याशी दोन दिवस बोलले नाही. माझ्यासाठी तो फार मोठा उपास होता.

साचेकाका कामाला आले नाहीत. त्यांचा साचा खड्ड्याच्या काठावर पालथा पडून होता. एक दिवस काकू आल्या, आईशी न बोलता साचा उचलला, फडक्यात गुंडाळला आणि घेऊन गेल्या. आई म्हणाली, "चहा तरी घ्या." काकू म्हणाल्या, "नको वहिनी, आमचे हात तेलाचे आहेत."

आई त्यानंतर बराच वेळ चुलीपुढे बसून होती, चूल पेटवली नव्हती तरी.

मुलीच्या गावच्या भट्टीवरही त्यांना घेतलं नाही. अशा बातम्यांना चाकं लागत नाहीत. तिथल्या मालकाने विचारलं म्हणे, "तुम्हीच का ते इंजिनवाले?" ते परत आले. आता नदीपलीकडे कोणाच्या तरी शेतात दगड वेचायला जातात. दगड वेचायला, ते हात.

दुसरा थापणारा भर हंगामात कुठून मिळणार? बाबा स्वतः बसले. शेजारच्या भट्टीवाल्याने उसनं पाणी दिलं, तेही तोंड वाकडं करून. मी शाळेतून आल्यावर गारा वाहायची, आई तुडवायची. बाबांचा साचा दर वेळी चिकटायचा. साचेकाका साचा कोरड्या वाळूत बुडवून घ्यायचे, किती ते त्यांनाच माहीत. बाबांची वीट कोपऱ्यात बसायची, मधे फुगायची, ओळ सापासारखी जायची. पाठ धरायची. रात्री ते उपडे झोपायचे आणि आई त्यांच्या कमरेवर गरम फडकं ठेवायची.

"घट्ट झालाय गारा," एकदा ते म्हणाले.

"मग आपणच सैल करायचा," आई म्हणाली. "सांगायला आता कोण आहे?"

शाळेच्या वाटेवर ठाणं लागतं. कुंपणाच्या आत एका कोपऱ्यात साचेकाकांची हातगाडी उभी होती. आधी नुसती उभी होती. मग एका चाकातली हवा गेली आणि ती एका बाजूला कलली. मग चाकांच्या आऱ्यांमधून गवत वर आलं. चिमणी म्हणाली, "सोडवून का नेत नाहीत ते? बाई म्हणाल्या होत्या, आपली वस्तू अर्ज देऊन परत मिळते." मी म्हणाले, "ज्या दारातून बसवून नेलं त्या दारात पुन्हा जायला पाय उचलायला हवेत." चिमणीला ते पटलं. टपाललाही, आणि तिने ते कोणालाच सांगितलं नाही.

शेवटी कशीबशी भट्टी भरली. साचेकाकांच्या आधीच्या वाळलेल्या विटा खाली, बाबांच्या वर. पेटवली, जळली, निवली. उघडायच्या दिवशी मी शाळा बुडवली. भट्टी उघडताना आम्ही ओळीने उभे राहतो. बाबा वरून वीट काढणार, आईकडे टाकणार, आई माझ्याकडे, मी रचणार. हाताला फडकी बांधलेली असतात, तरी ऊब आत येते. त्या लयीत माणूस काही विचार करत नाही. हात आपोआप उघडतो, वीट येऊन बसते. बाबांच्या विटा संपल्या, साचेकाकांच्या यायला लागल्या, हे मला न बघता कळलं. कडा सरळ होत्या.

आणि एक वीट हातात बसली ती वेगळी.

ती एका बाजूला किंचित दबली होती, पण चालण्यासारखी. साचेकाका असली वीट टाकत नसत. आतल्या भिंतीत जाईल, म्हणायचे. मी फडकं बाजूला करून बोटं फिरवली. वरच्या अंगावर नक्षी होती. तिरक्या खाचा, एकीत एक अडकवल्यासारख्या, विटेच्या अर्ध्या रुंदीपर्यंत, आणि तिथे चाकाची कड संपली होती. रुंद चाक. रबराचं. भाजून पक्कं लाल झालेलं. त्या सकाळी ओळीच्या टोकाला राहिली असणार. चाक नुसतं कडेला टेकून गेलं, वीट मोडली नाही, आणि मोडली नाही म्हणून तुडवली गेली नाही.

आईने टाकलेली पुढची वीट माझ्या पायाजवळ पडून फुटली.

"लक्ष कुठेय?" बाबा वरून म्हणाले.

मी वीट उचलून त्यांना दाखवली. ते खाली उतरले नाहीत. तिथूनच पाहिलं. मग मला त्यांचा चेहरा दिसला आणि समजलं, ते ही नक्षी पहिल्यांदा बघत नव्हते.

"तुकड्यांत टाक ती," ते म्हणाले. "वाकडी आहे."

मी ती तुकड्यांत टाकली नाही. दप्तरातही नाही, कारण ती अजून गरम होती. पाण्याच्या पिंपाच्या मागे ठेवली. दिवसभर आम्ही विटा काढल्या. बाबा दर वेळी वाकले की त्यांचा एक हात कमरेवर जायचा. एकदाही त्यांनी पिंपाकडे पाहिलं नाही. न बघायलाही बरंच लक्ष लागतं.

संध्याकाळी हातपाय धुऊन आम्ही ओट्यावर बसलो. सगळ्यांच्या भुवयांवर राख. मी वीट आणून आमच्या तिघांच्या मध्ये ठेवली.

"बाबा, तुम्ही पाहिले होते ना माग?"

आईने हातातला तांब्या खाली ठेवला.

बाबा तळहात चोळत होते. त्यांना आता नवे घट्टे पडलेत, साचेकाकांच्या घट्ट्यांच्याच जागी. "पाहिले होते," ते म्हणाले.

"मग?"

"त्याने विचारलं ना, पाहिलेत तर तुडवलेत कशाला. मला उत्तर नव्हतं. तो पोरगा दात काढत होता. कुंपणाशी सगळे उभे. म्हटलं, एवढ्या वयाचा माणूस, स्वतःच्या चोरीचा माग स्वतः पुसतो. मूर्ख ठरलो असतो."

"त्याऐवजी ते चोर ठरले," आई म्हणाली. हळूच म्हणाली, पण बाबांनी खांदे आत ओढले, जणू कोणीतरी हात उगारला होता.

"मला वाटलं, सोडतील," बाबा म्हणाले. "सोडलंच की. मग वाटलं, दोन दिवसांनी येईल कामाला, तेव्हा बोलू. मग तो आला नाही. मग मी रोज म्हणत राहिलो, उद्या जातो. त्याला जायचंच होतं ना, हा पण राग होता. खोटं कशाला बोलू आता." त्यांनी बोट लांब करून विटेच्या खाचांवरून फिरवलं. "ही त्यानेच ठेवली असणार. मी असतो तर टाकली असती."

नदीपलीकडे कुत्रं भुंकत होतं. तिकडे साचेकाकांच्या घरातला दिवा दिसतो, बाकीच्या दिव्यांत कुठला तो सांगता येत नाही. पण मी रोज एक ठरवून टाकते.

"आता काय उपयोग," बाबा म्हणाले. "चोर सापडायचा नाही. इंजिन यायचं नाही. त्याचा हंगाम गेला तो गेला. तो माझं तोंड बघणार नाही."

हे सगळं खरं होतं. मला वाटलं होतं वीट सापडली म्हणजे काहीतरी परत येईल. काहीच परत येत नव्हतं. नुसतं जे झालं ते आता हातात धरता येत होतं, एवढंच. मला बाईंची टोपी आठवली, टेबलावर ठेवलेली. माझा प्रश्न आठवला. मागच्या बाकावर शिजलेला, हसण्यासाठी विचारलेला. तो मी चुकीच्या माणसांना विचारला होता.

"मग करायचं काय म्हणतेस?" आई मला म्हणाली. बाबांना नाही, मला. असं तिने याआधी कधी विचारलं नव्हतं.

मी उभी राहिले. वर्गात राहते तशीच, हात मागे बांधून. आवाज थोडा कापला, पण निघाला.

"उद्या सकाळी मी ठाण्यात जाणार आहे, ही वीट घेऊन. बाईंना शोधणार. आई, तू माझ्याबरोबर चल, माझं वय नाही म्हणतील. पुरवणी जबाब देते म्हणून सांगणार. मी माग पाहिले नव्हते, ते पण सांगणार. माझ्या बाबांनी पाहिले होते, हे सांगणार. बाबा, तुम्ही आलात तर ते तुमच्या तोंडून जाईल, नाही आलात तर माझ्या. लिहून झालं की त्याची प्रत मागून घेईन, ती फुकट असते, आणि ती घेऊन नदीपलीकडे जाईन. गाडी ठाण्यातून काकांनाच सोडवावी लागेल, मी त्यांना सांगेन, मी बरोबर येते, हवा भरायचा पंपही आणते. हे सगळं मी करीन, बाबा. फक्त त्यांना सॉरी मी म्हणणार नाही. ते तुमचं आहे, तेवढं मी तुमच्यासाठी ठेवतेय."